वीस गुणांचा प्रसाद

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की आपल्याकडे अंगठ्याखाली कारिट फोडतात आणि त्याचा कडू रस जिभेला लावतात. कडू चाखल्यावाचून फराळाला हात लावायचा नाही, अशी ही जुनी शिस्त आहे. दिवाळी अंकात कथा, कविता, राशिभविष्य आणि पाककृती यांच्या पंगतीत एखादा कडू लेख वाचकांनी गोड मानून घ्यावा, यासाठी एवढा आधार मला पुरेसा वाटतो. लेखाचा विषय आहे आपल्या मुलांचे इंग्रजी. आणि त्यातही जे इंग्रजी कानाने घ्यायचे व तोंडाने द्यायचे असते, ते.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या मराठी शाळेत दहावी-बारावीपर्यंत आलेला मुलगा किंवा मुलगी इंग्रजीत ढ असते, हा समज खोटा आहे. त्या मुलांना इंग्रजीपुरते मुके आणि बहिरे करून ठेवलेले आहे. आणि या अपराधाची भरपाई म्हणून त्यांच्या हातावर दरसाल वीस गुणांचा प्रसाद ठेवला जातो. प्रसाद घेऊन मूल घरी येते, आईबाप पेढे वाटतात, आणि कोणी कोणाला काही विचारीत नाही.

हा मुलगा कसा असतो ते पाहा. त्याला 'पॅसिव्ह व्हॉइस' करता येतो. 'डायरेक्ट'चे 'इनडायरेक्ट' करता येते. उताऱ्याखालच्या प्रश्नांची उत्तरे उताऱ्यातून अचूक उचलून लिहिता येतात. शब्दसंग्रहही बरा असतो. त्याच मुलाला कोणी साध्या चालीने विचारले, 'हाउ लाँग डिड इट टेक यू टु गेट हिअर?' की तो समोरच्याच्या तोंडाकडे पाहत राहतो. आता हेच वाक्य कागदावर लिहून त्याच्यापुढे ठेवा. तो क्षणात उत्तर देईल. कदाचित बोलून नाही, पण लिहून खास देईल. म्हणजे त्याला इंग्रजी येत नाही असे नव्हे. जळंबच्या फलाटावर उतरलेल्या उतारूसारखी त्याची अवस्था आहे. मुख्य मार्गाने त्याला एवढ्या दूर आणून सोडले; खामगाव समोर आहे, पण पुढे नेणारी छोटी गाडी मात्र आलेलीच नाही. पहिल्या पायरीवरच्या मुलासाठी गाणी आहेत, चित्रे आहेत. वरच्या पायरीवरच्यासाठी ग्रंथ आहेत. या मधल्या पायरीवर उभ्या असलेल्यांना मात्र वाली नाही, आणि जिल्ह्यातले बहुसंख्य विद्यार्थी नेमके याच पायरीवर आहेत.

आता त्या वीस गुणांची कथा ऐका. दहावीच्या भाषा विषयांत ऐंशी गुण लेखी परीक्षेचे आणि वीस गुण शाळेने आपल्या आपण द्यायचे, असा परिपाठ होता. इंग्रजीत हे वीस गुण मुलाने ऐकावे आणि बोलावे यासाठी होते. २०१८-१९ साली दहावीचा अभ्यासक्रम बदलला आणि भाषांचे हे अंतर्गत गुण काढून टाकण्यात आले. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला होता. २०१९ साली तो ७७.१० टक्क्यांवर आला. निकाल घसरण्याचे एक मोठे कारण म्हणून जो तो या गेलेल्या वीस गुणांकडेच बोट दाखवू लागला, आणि त्याच वर्षी ते गुण परत आणण्यात आले. या साऱ्या गोंधळात एक प्रश्न कोणीच विचारला नाही. वीस गुण गेले म्हणून जर मुले आपटतात, तर ते वीस गुण आजवर कशाचे मिळत होते? ते खरोखर ऐकण्या-बोलण्याचे असते, तर ज्या मुलाला ऐकता-बोलता येते त्याने लेखी परीक्षेतही मान टाकली नसती. त्या एका वर्षाने सगळ्यांच्या देखत कबुली दिली की हे गुण विद्येचे नव्हते, दानाचे होते.

तोंडी परीक्षा ज्याने शिकवले तोच घेतो, आपल्याच शाळेत घेतो, आणि गुणही तोच भरतो. कोणत्याही शाळेचे नाव घेण्याचे कारण नाही. वाचकांनी घरातल्या मुलाला जवळ बसवून एवढेच विचारावे की, तुझी तोंडी परीक्षा किती मिनिटे चालली, तुला काय ऐकवले आणि तू काय बोललास? पुष्कळ घरांत उत्तर मिळेल की नाव विचारले, एक धडा वाचायला सांगितला, किंवा नुसतीच सही घेतली. मी शिक्षकांना दोष देऊन मोकळा होऊ इच्छीत नाही. ज्या गोष्टीची परीक्षा प्रामाणिकपणे कोणी मागतच नाही, ती गोष्ट शिकवण्यासाठी निकालाचे ओझे वाहणाऱ्या शिक्षकाने वेळ कोठून काढावा? दोष त्या व्यवस्थेचा आहे, जिला गुणपत्रिका गोड हवी आणि मुलाचा कान रिकामा चालतो.

वेळ नाही, ही सबब मात्र हिशेबाला टिकत नाही. महाराष्ट्रात कित्येक पिढ्या पाचवीपासून इंग्रजी शिकल्या. २००० सालापासून ते पहिलीपासून शिकवले जाते. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत वर्षाला निदान २०० दिवस आणि पुढे आठवीपर्यंत २२० दिवस शाळा भरली पाहिजे. दिवसाला इंग्रजीचा एकच तास धरा, वर्षाला दोनशेच दिवस धरा. दहावीपर्यंत दोन हजार तास होतात. दोन हजार तास एखाद्या भाषेच्या सहवासात काढून माणूस त्या भाषेत पाणी मागू शकत नाही, याला अजब किमया म्हणावे लागेल!

ही किमया साधते कशी? आपण इंग्रजी भाषा म्हणून शिकवीतच नाही; लेणे कोरावे तशी ती कोरून दाखवतो. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर महाराष्ट्राच्या अनेक पिढ्या पोसल्या. तिचे उपकार मोठे आहेत. पण त्या काळी इंग्रजी मुख्यतः वाचायची आणि अर्जात लिहायची भाषा होती. आज ती फोनवर कानात येते. शिकवणे मात्र अजून पाठमालेचेच आहे. शिक्षक एक वाक्य वाचतात, त्याचे मराठी करतात. मुले मराठी ऐकतात आणि इंग्रजी उतरवून घेतात. तासभर वर्गात जे कानावर पडते ते मराठी, आणि जे वहीत उतरते ते इंग्रजी. कानाला इंग्रजीचा उपासच!

आणि कानाला शिकण्यासारखे पुष्कळ आहे. छापलेल्या वाक्यात दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते. बोललेल्या वाक्यात ती नसते. 'डिड इट टेक यू' हे चार शब्द बोलणाऱ्याच्या तोंडून 'डिडिटेक्यू' असे एकजीव होऊन येतात, आणि आपला मुलगा त्यात चार शब्द शोधत बसतो. इंग्रजी भाषा एका अवयवावर जोर देते आणि बाकीचे गिळते. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर. 'फोटोग्राफर' म्हटले की तो सरकून दुसऱ्यावर जातो आणि पहिला 'फो' जवळजवळ 'फ' होतो. 'आय कॅन कम' यातला 'कॅन' 'कन' इतका बारीक होतो, आणि 'आय कान्ट कम' यात 'कान्ट' ठणकावून येतो. 'येतो' आणि 'येत नाही' यांतला भेद अशा एका आघातावर उभा असतो. ज्याला तो कळला नाही, त्याची भेट चुकली, नोकरीही चुकली. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद आपल्याला शुद्धलेखनाच्या वहीपुरता ठाऊक. इंग्रजीत 'शिप' म्हटले तर जहाज आणि 'शीप' म्हटले तर मेंढी. आपल्याकडे 'व' एकच, त्यामुळे द्राक्षाचा वेल आणि द्राक्षाची दारू या दोन्ही आपल्या तोंडी 'वाइन'च होतात. हे भेद व्याकरणाचे नियम पाठ करून येत नाहीत. ते पुन्हा पुन्हा ऐकून आणि ओठ-जीभ वळवूनच येतात.

यावर काही विद्वान म्हणतात, वऱ्हाडच्या जिभेला ते जमायचे नाही. हा आक्षेप मला सर्वांत संतापजनक वाटतो. वऱ्हाडी बोलीत 'ळ'चा 'य' होतो, 'काळा'चा 'काया' होतो, 'विहिरी'ची 'इहीर' होते. यावरून पुण्याच्या खोल्यांतून आमच्या मुलांची थट्टा आधीच पुष्कळ झाली आहे. मराठी बोलताना हसलात, आता इंग्रजी बोलतानाही हसणार काय? खुद्द इंग्लंडात यॉर्कशायरचा शेतकरी आणि लंडनचा वकील एकसारखे बोलत नाहीत. स्कॉटलंडचा माणूस तोंड उघडताच आपला प्रांत सांगतो. आपले इंग्रजी ऐकणाऱ्याला कळावे आणि त्याचे आपल्याला कळावे, एवढीच मागणी रास्त आहे. त्यात वऱ्हाडची माती लागलेली असेल तर असू द्या. ज्याला हसण्याचे भय नाही तोच बोलतो, आणि वर्गात जो पहिल्या चुकीला हसतो तो मुलाची जीभ कायमची बांधून टाकतो. मुलींच्या बाबतीत तर हे दुहेरी घडते. त्यांना आधी मोठ्याने बोलू नकोस हे घरी शिकवलेले असते. मग चुकीचे बोलू नकोस हे शाळा शिकवते.

जीभ कशी सुटते हे पाहायचे असेल तर बुलढाण्याहून घाट उतरून अजिंठ्याला जावे. लेण्यांच्या पायथ्याशी चकाकणारे स्फटिक आणि चित्रांची पुस्तके विकणारे विक्रेते परदेशी पाहुण्यांशी त्यांच्या भाषेत सौदा करतात. त्यांना व्याकरण कोणी शिकवले? त्यांनी आधी पुष्कळ ऐकले, मग गरजेपुरते बोलले, चुकले, पुन्हा बोलले. आणि हे आपल्याला नवे आहे थोडेच? नवविधा भक्तीत पहिली श्रवण आणि दुसरी कीर्तन, असा क्रम आपल्या पूर्वजांनी घालून दिला आहे. शेगावला ज्यांच्या ओठांवर दासगणूंच्या 'गजानन विजय' ग्रंथाचे अध्यायच्या अध्याय आहेत, अशा कित्येक आजीबाईंनी शाळेचे तोंडही पाहिले नसेल. त्यांना ते कानाने मिळाले. श्रवणाचा एवढा मोठा वारसा ज्या जिल्ह्याला आहे, त्या जिल्ह्यातल्या शाळांत इंग्रजीचे श्रवण तेवढे शून्य असावे, ही केवढी विसंगती!

दुसरा आक्षेप असा की शिक्षकालाच बोलता येत नाही. हा आक्षेप काही अंशी खरा आहे, पण त्यावर उपाय आहे. मधल्या पायरीवरच्या मुलांना अलंकारिक वक्तृत्व ऐकवायचे नसते. शिक्षकाने वर्गातला रोजचा व्यवहार साध्या वाक्यांत, सावकाश पण न तोडता इंग्रजीतून केला, तरी निम्मे काम होते. बोलण्याचा सराव शिक्षकांनाही हवाच. गेल्या दशकात 'तेजस' या उपक्रमातून राज्याच्या काही जिल्ह्यांतले शिक्षक छोट्या गटांनी जमत आणि आपल्या वर्गांविषयी एकमेकांशी इंग्रजीतून बोलत. चिखली, मेहकर, मोताळा, प्रत्येक तालुक्याला असा गट महिन्यातून एकदा जमणे कठीण का असावे? शिवाय आवाज आता बाहेरूनही आणता येतो. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेची 'वुई लर्न इंग्लिश' ही पाठमाला आकाशवाणीवरून शाळांपर्यंत गेली होती. आज तर प्रत्येक शिक्षकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये चांगला आवाज मावतो. वर्गात तो वाजवणारा हात तेवढा हवा.

तिसरा आक्षेप वर्गाच्या गर्दीचा. वर्गात पन्नास मुले आणि चाळीस मिनिटांचा तास; एकेकाला उभे करून बोलायला लावले तर प्रत्येकाच्या वाट्याला अठ्ठेचाळीस सेकंद येतात, आणि उरलेले एकोणपन्नास जण खिडकीबाहेर पाहतात. पण मुलांच्या जोड्या लावा. दहा मिनिटे जोड्यांनी बोलू द्या. प्रत्येक मूल पाच मिनिटे बोलेल, म्हणजे सहापट. आणि तासाची तीस मिनिटे धड्याला शिल्लक राहतील. गोंगाट होईल, हे खरे. मुख्याध्यापकांनी त्या गोंगाटाकडे बाजार म्हणून न पाहता पाठशाळा म्हणून पाहावे. आपल्याकडे संथा म्हणताना पाठशाळेत कधी शांतता होती?

जोडीने बोलायचे काय, तेही सांगतो. जे एकाला ठाऊक आहे आणि दुसऱ्याला नाही, तेच बोलण्याजोगे असते. एकाच्या हाती मलकापूरहून सुटणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक द्या. दुसऱ्याला सायंकाळपूर्वी नागपूरला पोचायचे आहे असे सांगा, आणि कागद न दाखवता विचारू द्या. एकाला लोणारचे सरोवर पाहायला आलेला पाहुणा करा आणि दुसऱ्याला वाटाड्या. उल्कापाताने झालेले ते विवर, २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालेले त्याचे पाणी, हे आपल्या मुलांच्या बोटाजवळचे वैभव आहे. सिंदखेडराजाला जिजाऊंचे जन्मस्थान आहे, खामगावात चांदीचा बाजार आहे, शेगावहून पंढरीला जाणारी पालखी आहे. यावर बोलताना मुलाला विचार शोधावा लागत नाही. फक्त शब्द शोधावे लागतात. मग तीच हकिगत त्याला एका सोबत्यापुढे चार मिनिटांत, दुसऱ्यापुढे तीन मिनिटांत आणि तिसऱ्यापुढे दोन मिनिटांत सांगू द्या. न्यूझीलंडच्या पॉल नेशन या भाषाशिक्षकांनी पुरस्कारिलेली ही साधी युक्ती आहे. तिसऱ्या खेपेस अडखळणे कमी झालेले मुलालाच जाणवते.

ऐकण्याचेही तसेच. आधी प्रश्न द्यावा, मग पुस्तके मिटवून दोन मिनिटांचा मजकूर ऐकवावा. पहिल्या खेपेस एवढेच विचारावे की हे कशाविषयी होते. दुसऱ्या खेपेस आकडे, नावे, वेळा विचाराव्यात. तिसऱ्या खेपेस मजकूर हाती देऊन, कोठे कान फसला ते मुलालाच शोधू द्यावे. हा तिसरा भाग सर्वांत मोलाचा आणि नेमका तोच गाळला जातो. त्यावाचून ऐकवणे म्हणजे परीक्षा होते, शिकवणे होत नाही. आणि यात काही क्रांतिकारक नाही. हॅरॉल्ड पामर या इंग्रज शिक्षकाने मौखिक पद्धतीवर स्वतंत्र ग्रंथ १९२१ साली लिहिला. भारतातल्या इंग्रजी शिक्षकांना तयार करण्यासाठी हैदराबादला मध्यवर्ती संस्था १९५८ साली निघाली. शंभर वर्षांची विद्या शेगाव-नांदुऱ्याच्या वर्गाबाहेर ताटकळत उभी आहे.

इकडे शाळा मुकी राहते आणि तिकडे आईबाप दोन वाटांनी लुटले जातात. एक वाट 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' अशा पाट्यांच्या वर्गांची. दोन हजार तासांत सरकारने जे द्यायचे ते तीस दिवसांत विकत घ्यायला कापसाचे पैसे जातात. दुसरी वाट इंग्रजी माध्यमाची. मूल बोलत नाही, म्हणून माध्यमच बदलून टाकायचे! पोहता येत नाही म्हणून मुलाला नदीच्या मधोमध घर बांधून देण्यासारखे हे आहे. ज्या भाषेत त्याला प्रश्न विचारता येत नाही, तिच्यात ते विज्ञान आणि इतिहास घोकू लागते. इंग्रजी तर तोंडी येतच नाही, आणि मराठीही हातची जाते. आईबापांना हवे होते ते बोलणे. गळ्यात पडले ते माध्यम. जिल्हा परिषदेच्या शाळांनी इंग्रजीचा एक तास खरोखर इंग्रजीचा केला, तर माध्यमाच्या या लोंढ्याला त्याच्याइतका दुसरा बांध नाही. मराठीवर प्रेम करणाऱ्यांनी हे आधी ओळखले पाहिजे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपल्या घराचे दार उघडे ठेवून परभाषेशी बरोबरीने बोलणे, हेही अभिजाततेचेच लक्षण आहे.

२०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी यावर महाराष्ट्र किती तापला, ते सर्वांनी पाहिले. जूनच्या अखेरीस शासनाने निर्णय मागे घेतले. तो वाद आवश्यक होता. पण भाषा किती आणि कितवीपासून याची मोजदाद करणाऱ्या आपल्या राज्यात, असलेली दुसरी भाषा मुलाच्या कानात शिरते काय, हा प्रश्न कोणत्याही सभेत निघाला नाही. भाषांची संख्या वाढवली वा घटवली म्हणून मुक्याला वाचा फुटत नसते.

म्हणून मागणी अगदी मोजकी आहे. या वीस गुणांतले दहा गुण ऐकण्याचे असावेत. मंडळाने दोन मिनिटांचा एकच आवाज राज्यातल्या सर्व शाळांत एकाच वेळी ऐकवावा आणि मुलांनी उत्तरे कागदावर लिहावीत. उरलेले दहा गुण बोलण्याचे. त्यासाठी चिखलीच्या शिक्षकाने मेहकरला जावे आणि मेहकरच्याने चिखलीला. प्रत्येक जोडीला पाच मिनिटे बोलू द्यावे. पहिल्या वर्षी निकाल घसरेल. घसरू द्यावा! तापमापक फोडून ताप उतरत नाही. दोन वर्षांत वर्गातले शिकवणे बदललेले दिसेल, कारण जे परीक्षेत खरे होते ते वर्गात खरे होते, हा आपल्या शाळांचा स्वभाव आहे. तो स्वभाव एरवी दोषास्पद. येथे उपकारक ठरेल.

घरातल्या मंडळींनाही काही करता येईल. रेल्वे स्थानकावर एकच सूचना मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत ऐकू येते. मुलाला इंग्रजी सूचना लक्ष देऊन ऐकायला सांगा, यापेक्षा स्वस्त धडा कोणता? रात्री जेवणानंतर त्याला दिवसाची हकिगत दोन मिनिटे इंग्रजीत सांगू द्या, आणि मग तीच मराठीत. आईला इंग्रजी येत नसले तरी चालेल. किंबहुना तेच बरे. तिला समजावून सांगताना आपण काय बोललो हे मुलालाच कळेल, आणि चुकीला हसणारे घरात कोणी असणार नाही.

लेखी परीक्षेच्या आधी तोंडी परीक्षांचे दिवस येतील. त्या दिवशी मूल घरी आले की वाचकांनी एवढे विचारावे: बाळ, आज तुला काय ऐकवले, आणि तू काय बोललास? उत्तर जर 'काही नाही' असे आले, तर पुढे गुणपत्रिकेवर उमटणाऱ्या वीस गुणांची वाट पाहत बसू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी पायांत चपला घालून मुख्याध्यापकांना भेटायला जावे.